घरातले प्रश्न : माशांच्या टाकीला फिल्टर कोणता घ्यावा?



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा रेशन कार्ड, शाळेचा दाखला, भविष्य निर्वाह निधी अशा विषयांवरची असतात. या वेळी एका भगिनीचे निराळेच पत्र आले. मुलगा सहावीत. चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून त्याला दोन फुटी काचेची टाकी घेऊन दिली. दुकानदाराने टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारी छोटी मोटर आणि आठ मासे एकदमच दिले. आठव्या दिवशी दोन मासे तरंगले. दहाव्या दिवसापर्यंत एकही उरला नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखे स्वच्छ होते.

दुकानदार म्हणतो, पंधराशे रुपयांचा मोठा पॉवर फिल्टर बसवा. शेजारीण म्हणते, माशांनी तुमच्या घरावरचे संकट स्वतःच्या अंगावर घेतले, झाले ते बरेच झाले, आता दुसरे आणा. आणि मुलगा म्हणतो, मीच जास्त खाऊ घातले, मीच मारले. तो टाकीकडे बघतसुद्धा नाही. भगिनी विचारतात, "फिल्टर कोणता घ्यावा ते सांगा."

प्रश्न एका ओळीचा असला तरी आधी त्या मुलाला एक गोष्ट सांगायला हवी. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी आठ मासे सोडले, तर अगदी मोजून-मापून खाणे घातले तरी ते बहुतेक मेलेच असते. जास्त खाण्याने मरण चार दिवस अलीकडे आले असेल, एवढेच. दोष मुलाचा नाही. ज्याने टाकी आणि मासे एकाच दिवशी विकले, त्याने हे सांगायला हवे होते.

शेजारणीच्या बोलण्याविषयीही लिहिणे भाग आहे, कारण ही समजूत आपल्या वस्त्यांतूनही पुष्कळ पसरली आहे. टाकी अमुक दिशेला ठेवा, अमुक रंगाचा मासा ठेवा, तो मेला तर घरावरचे अरिष्ट टळले असे समजा. अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे महागडे मासे याच नावाखाली खपवले जातात. दुकानदाराला ही समजूत फारच सोयीची! एरवी माल खराब निघाला तर गिऱ्हाईक भांडायला येते. इथे मासा मेला की गिऱ्हाईक समाधानाने दुसरा मासा विकत घ्यायला येते. आपल्या घरात तरी मुलांसमोर असे बोलू नये. मासा मेला तो पाण्यातल्या विषाने, आणि त्या विषाचे नाव आहे अमोनिया.

स्वच्छ पाण्यातले विष

मासा खातो, विष्ठा टाकतो, हे दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया पाण्यात सोडत असतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. तो पाण्यात विरघळतो. मीठ विरघळल्यावर दिसत नाही, तसाच हा दिसत नाही. पाणी नितळ असते आणि मासे मात्र वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात, त्यांचे कल्ले लाल होतात, ते एका कोपऱ्यात पंख मिटून उभे राहतात.

तळ्यात किंवा नदीत असे सहसा घडत नाही, कारण तिथे पाणी अमाप आणि मासे त्या मानाने थोडे. दोन फुटी टाकीचा हिशेब करून पाहा. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. गुणाकार केला की ५४ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरा. म्हणजे जेमतेम अडीच-तीन बादल्या पाणी. एवढ्या पाण्यात आठ जिवांनी खायचे, तिथेच घाण टाकायची आणि तिथेच श्वास घ्यायचा!

बोअरिंगचे पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक सांगतो. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या क्षारपणावर अवलंबून असतो. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. एका वस्तीत मासे तग धरतात आणि दुसऱ्या वस्तीत तेच मासे, तेच खाणे असून मरतात, यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

विरजणाची गोष्ट

मग टाकीत मासे वर्षानुवर्षे जगतात ते कसे? फिल्टर अमोनिया गाळून काढतो म्हणून, असे आपल्याला वाटते. तसे नाही. विरघळलेली वस्तू स्पंजने गाळता येत नाही. साखरेचे पाणी फडक्यातून गाळले म्हणून गोडी जात नाही. अमोनिया संपवतात ते जिवाणू, आणि फिल्टर हे त्या जिवाणूंचे घर असते. या लेखातली एवढी एकच गोष्ट ध्यानात राहिली तरी कोणता फिल्टर घ्यावा हे पुढे आपोआप उमगेल.

ही गोष्ट कशी कळली तेही ऐकण्यासारखे आहे. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि त्यातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. आत जेवढा अमोनिया गेला तेवढाच बाहेर आला. त्यानंतर बाहेर येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट दिसू लागले. वाळू तीच, नळी तीच, मग वीस दिवस वाट कशाची? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प झाले. पुढे बागेतली माती खळबळलेले पाणी त्यात घातले, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम निर्जीव वाळूचे नव्हते, वाळूत वस्ती केलेल्या जिवंत सूक्ष्मजीवांचे होते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही माशांना घातकच. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते फार साठले तरच त्रास होतो.

आपल्या मुलाची टाकी आणि ती फ्रेंच नळी यांत फरक काही नाही. नव्या टाकीत जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उकाड्यात कधी थोडे कमी. या काळात अमोनिया चढत जातो आणि मासे आठव्या-दहाव्या दिवशी दगावतात. पत्रातला दिवससुद्धा नेमका हाच आहे.

घरच्या बायकांना हे पटवून द्यायला फार श्रम पडत नाहीत. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, आणि विरजण लावले तरी रात्र जाऊ द्यावी लागते. ओळखीच्या कुणाकडे जुनी, नीट चाललेली, रोग नसलेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आपल्या टाकीच्या पाण्यात पिळावा. पाणी थोडा वेळ गढूळ होईल, होऊ द्यावे. शक्य असेल तर त्या स्पंजचा एक तुकडाच आणून आपल्या फिल्टरला रबराने बांधावा. आणताना तो ओला ठेवायचा, वाळला तर कामाचा राहत नाही. महिन्याभराची वाट यामुळे बरीच कमी होते. दुकानात बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंपेक्षा मला हे विरजण भरवशाचे वाटते, आणि याला पैसा पडत नाही.

आता फिल्टर

बाजारात गेलात तर पाच-सहा तऱ्हा समोर ठेवतील. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकात टाकी होती त्यांना खड्यांखाली बसवायची जाळीदार प्लॅस्टिक प्लेट आठवत असेल. हवेच्या जोराने पाणी खड्यांतून खाली ओढले जाई आणि खड्यांवरच जिवाणू वाढत. पद्धत वाईट नव्हती. पण प्लेटखाली वर्षभराची घाण साठते आणि ती काढायची तर अख्खी टाकी उपसावी लागते. आता नव्याने ती घेऊ नये.

कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर खाली ठेवायचा बंद डबा. चार फुटी टाकीला तो शोभतो. आपल्या दोन फुटीला तो घेणे म्हणजे एका खोलीच्या घराला कारखान्याचा पंखा लावण्यासारखे आहे.

टाकीच्या कडेला अडकवायचा किंवा टाकीवर पेटीसारखा ठेवायचा टॉप फिल्टर, आणि पाण्यात बुडवून ठेवायचा पॉवर फिल्टर, हे दोन प्रकार दुकानदार सर्वांत जास्त पुढे करतात. ते वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. पाणी चकचकीत करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. गोल्डफिश पाळायचे असतील, ऑस्करसारखे मोठे, खादाड मासे असतील किंवा टाकी तीन फुटांच्या वर असेल तर तेच घ्यावेत. घेताना खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा पाहावा. टाकीत जेवढे पाणी, त्याच्या चार ते सहा पट पाणी तासाला फिरावे असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे आपल्या ४५ लिटरला दोनशे ते पावणेतीनशे लिटर पुरे. पंपाला पाणी उंच चढवावे लागले आणि स्पंज घाणीने भरला, की खोक्यावरच्या आकड्याइतके पाणी फिरत नाही, हेही धरून चालावे. उलट, हजार लिटरचा फिल्टर छोट्या टाकीत लावला तर लहान मासे दिवसभर पुरात सापडल्यासारखे फिरत राहतात, आणि गप्पीची पिल्ले तर सरळ आत ओढली जातात.

मी सुचवीन तो स्पंज फिल्टर. दुकानात तो कोपऱ्यात पडलेला असतो, कारण त्यात फायदा कमी. एक सच्छिद्र स्पंज, त्याच्या मधून उभी नळी, आणि त्या नळीत बारीक पाइपने हवा सोडणारा छोटा एअर पंप. हवेचे बुडबुडे उभ्या नळीतून वर चढतात, चढताना पाणी बरोबर घेऊन जातात. वर गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला टाकीतले पाणी स्पंजच्या छिद्रांतून आत येते. घाण बाहेर अडकते आणि छिद्राछिद्रांत वस्ती केलेल्या जिवाणूंना घरपोच अमोनिया आणि प्राणवायू मिळतो. फिरणारा एकही भाग पाण्यात नाही, म्हणून बिघडायला काही नाही. पिल्लू ओढले जाण्याची भीती नाही. स्पंज फिल्टर साधारण शे-दोनशे रुपयांत आणि एअर पंप दोन-चारशेत मिळतो. बाजाराप्रमाणे थोडे मागेपुढे होईल.

पत्रलेखिका भगिनींकडे बुडबुडे सोडणारी मोटर आधीपासून आहेच! ती म्हणजेच एअर पंप. त्यांना फक्त स्पंज विकत घ्यायचा आहे. नुसते बुडबुडे सोडल्याने पाणी हलते, हवा मिसळते. पण जिवाणूंना घर मिळत नाही. पंधराशेची गरज नव्हती, दीडशेची होती.

उणीवाही सांगतो. स्पंजने पाणी पॉवर फिल्टरइतके झगझगीत होत नाही, बारीक कण तरंगताना दिसतात. काळा ठोकळा टाकीत डोळ्यांना खुपतो. प्लास्टिकचे झाड त्याच्या पुढे ठेवावे. आणि एका खोलीच्या घरात रात्री त्याची बुडबुड आणि पंपाची घरघर ऐकू येते. पंपाखाली जुन्या टॉवेलची चौपदरी घडी ठेवली की घरघर निम्मी होते. उभ्या नळीच्या आत हवेचा दगड बसवला तर बुडबुडे बारीक होतात आणि त्यांचा आवाजही उतरतो.

एअर पंप दोन तोंडांचा मिळाला तर दोन स्पंज लावावेत. कारण पुढे येईल.

विजेचे बिल

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हिशेबाशिवाय माझे समाधान होत नाही. फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा असतो, म्हणून त्याची खरी किंमत दुकानात कळत नाही, बिलात कळते. छोटा एअर पंप ३ वॉटचा धरा. ३ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे २१६० वॉट-तास, महिन्याला २.१६ युनिट. युनिटला सारे आकार धरून आठ रुपये मोजले तर सतरा रुपये. २० वॉटचा पॉवर फिल्टर घेतला तर महिन्याला १४.४ युनिट, म्हणजे एकशे पंधरा रुपये. वर्षाला एकीकडे सुमारे दोनशे सात आणि दुसरीकडे तेराशे ब्याऐंशी. या फरकात एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या येतात. पंपावर वॉटचा आकडा छापलेला असतो. घेताना तो वाचावा आणि आपल्या बिलातल्या दराने गुणाकार मुलाकडूनच करून घ्यावा.

काही घरांत बिल वाचवण्यासाठी रात्री फिल्टर बंद करतात. हे मात्र करू नये. जिवाणूंना प्राणवायू लागतो. रात्रभर पाणी हलले नाही तर माशांचीही घुसमट होते. सतरा रुपयांतले सात वाचवून काही साधत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे आहेच, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबले की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी एकदम टाकीत येते. स्पंज उघड्या टाकीतच असल्यामुळे तो जास्त वेळ तग धरतो. सेलवर किंवा मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारे छोटे एअर पंपही आता मिळतात. तो नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत सोडावे, दर अर्ध्या तासाने पाच-दहा वेळा. मुलांना हे काम आवडते. वीज नसताना खाणे घालू नये.

नळाखाली धुऊ नका

आता जे लिहितो ते घरातल्या स्वच्छतेच्या सवयीविरुद्ध जाणारे आहे. आपल्या घरची बाई भांडे घासते तशी लख्ख घासते. महिन्याने काळा झालेला स्पंज तिने पाहिला, की ती नळाखाली धरून, कधी साबण लावून, पार पिवळाधमक करून ठेवते. आणि आठवड्यात मासे मरतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जंतू मारण्यासाठीच घातलेले असते आणि ते चांगले जंतू आणि वाईट जंतू यांत भेद करत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडून जे केले तेच आपण नळाखाली करतो.

रीत अशी. टाकीतले थोडे पाणी बादलीत काढावे. त्या पाण्यात स्पंज चार-पाच वेळा पिळावा. पाणी कॉफीसारखे होईल. बस्स, परत बसवावा. तो काळपटच राहणार, राहू द्यावा. साबण, डेटॉल, ब्लीचिंग पावडर यांचा स्पर्शही नको. दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे. बुडबुड्यांबरोबर वर येणारे पाणी मंदावले, की वेळ झाली असे समजावे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळावा, म्हणजे दुसऱ्याची वस्ती शाबूत राहते. पॉवर फिल्टर वापरणाऱ्यांनाही हेच लागू. काही फिल्टरांबरोबर "दर महिन्याला बदला" अशी सूचना असलेली गादी येते. ती फाटेपर्यंत बदलू नये. बदलायचीच झाली तर नवी आणि जुनी काही आठवडे शेजारी ठेवून मग जुनी काढावी. काळ्या कोळशाच्या पिशवीवर तर खर्चच करू नये. कोळसा पाण्यातला रंग आणि औषध शोषतो, काही आठवड्यांत भरून जातो, आणि अमोनियाच्या कामी येत नाही. माशांना औषध दिले असेल तर तो मुद्दाम काढून ठेवावा लागतो.

आणि कोणताही फिल्टर घेतला तरी पाणी बदलणे चुकत नाही. शेवटी उरणारे नायट्रेट फिल्टरमध्ये संपत नाही, साठत जाते. दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालावे. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे भरून ठेवावे, क्लोरीन बरेचसे उडून जाते. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळते ते थेंब घालावेत. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुताना जे हायपो वापरत, तेच हे. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. डब्यात लावलेल्या झाडांना घालावे, पाने हिरवीगार होतात.

पुन्हा सुरुवात करताना

रिकामी टाकी आधी एका जागी भक्कम बसवावी. दोन फुटी टाकी पाणी, काच आणि खडे मिळून साठ-सत्तर किलोच्या घरात जाते. फ्रिजवर किंवा डुगडुगत्या टेबलावर तिचे काम नाही. उन्हात नको. स्पंज पाण्यात बुडवून पिळून त्यातली हवा काढावी, नाहीतर तो तरंगतो. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. तशी जागा नसेल तर हवेच्या पाइपमध्ये पाच-दहा रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी पाइपमधून उलटे पंपात आणि पंपातून बोर्डापर्यंत येऊ शकते. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली झोल ठेवावा, म्हणजे ओघळलेले पाणी झोलातून खाली ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. ही शिस्त मुलाला पहिल्या दिवशीच लावावी. पाण्यात बुडवायचे विजेचे उपकरण तर तीन पिनांच्या अर्थिंग असलेल्या बोर्डाशिवाय लावूच नये.

मग विरजण घालावे आणि दोन, फार तर तीन गप्पी सोडावेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसे हौदात-डबक्यात सोडतात तेच हे मासे, चिवट असतात. पहिला महिनाभर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे. या काळात पाव टाकी पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. शक्य असेल तर अमोनिया तपासायचे थेंबांचे किट दोघा-तिघांनी मिळून घ्यावे. महिन्याने आणखी दोन-तीन मासे, नंतर पुन्हा दोन. गोल्डफिशचा मोह टाळावा. तो घाण फार करतो, हातभर वाढू शकतो, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांवर जगतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे हा छळ आहे. फायटर ठेवायचा तर एकटाच. तो वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो म्हणून त्याला फिल्टर लागत नाही असे दुकानात सांगतात. श्वास हवेतला असला तरी कल्ले पाण्यातच असतात आणि अमोनिया त्यालाही जाळतो. त्यालाही मंद चालणारा स्पंज लावावा.

उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पंपाच्या हवेचा जोर पूर्ण ठेवावा आणि वरचे झाकण थोडे उघडे असू द्यावे. चार-पाच दिवसांसाठी गावाला जायचे झाले तर मोठे मासे उपाशी राहिले तरी चालते. पंप मात्र बंद करून जाऊ नये. त्याहून जास्त दिवस जायचे असेल तर शेजारच्या घरी खाण्याचा अख्खा डबा देऊ नये. पाहुण्यासारखे वाढतात! एकेका दिवसाच्या चिमूटभर खाण्याच्या कागदी पुड्या बांधून, वर तारीख लिहून द्याव्यात.